ओढा, उभा चढ आणि गिअरबॉक्स: ऑटोमॅटिक की मॅन्युअल?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहतो, नोकरी हिंजवडीला. गाव भोर तालुक्यात, हिर्डोशी खोऱ्यात. डांबर संपल्यावर आमच्या घरापर्यंत तीनेक किलोमीटर कच्ची वाट आहे. मध्ये एक ओढा, आणि ओढा ओलांडला की लगेच उभा चढ. पावसाळ्यात तिथं तांबड्या मातीचा नुसता राडा होतो. आजवर बाबांची जुनी जीप होती, तिने आता मान टाकली. महिंद्राची डिझेल, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी) थार घ्यायचं नक्की झालंय, अडलंय ते गिअरबॉक्सवर. भटकंतीतले मित्र म्हणतात, ऑफरोडला ऑटोमॅटिक म्हणजे पैसे पाण्यात, उतारावर गाडी आवरत नाही. बायको म्हणते, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज क्लच दाबून बघ आणि मग बोल. बाबा ६८ वर्षांचे आहेत, डावा गुडघा दुखतो, पण ऑटोमॅटिकवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. गाडी आम्ही तिघंही चालवणार. एका नातेवाइकांचं म्हणणं, एएमटीवाली साधी एसयूव्ही घे, तीही चढते. काय करावं? आणि टायर कंपनीचेच ठेवू का?

– भोर तालुक्यातला एक वाचक

उत्तर

नमस्कार.

ऑटोमॅटिक घ्या. तुमची वाट, तुमचा रोजचा प्रवास आणि गाडी चालवणारी तीन माणसं, हे सगळं बघता माझं मत स्पष्ट आहे. पण एका अटीवर. ऑटोमॅटिक गाडी उतारावरून खाली आणायची एक पद्धत आहे, ती तिघांनीही शिकून घ्यायची. ती शिकायची तयारी नसेल तर तुमचे मित्र म्हणतात ते खरं ठरेल, कारण उताराबद्दलचं त्यांचं बोलणं चुकीचं नाही.

मित्रांचा हा आग्रह कुठून आला तेही बघा. आपल्याकडे कच्च्या वाटा ज्या गाड्यांनी तुडवल्या, त्या सगळ्या मॅन्युअल. विलीजच्या वंशातल्या जुन्या महिंद्रा जीप, १९८५ साली आलेली मारुती जिप्सी, २०१० ची पहिली थार, कशातच ऑटोमॅटिक नव्हतं. थारला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला तो २०२० च्या नव्या पिढीत. म्हणजे आज जी मंडळी ऑफरोडिंग शिकवतात, त्यांचे हातपाय क्लचवर घडलेत. त्यांच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. मात्र तो अनुभव मॅन्युअलचा आहे, ऑटोमॅटिकचा नाही. दुसरीकडे जीप रँग्लर भारतात विकली जाते ती फक्त ऑटोमॅटिक, आणि नवी लँड रोव्हर डिफेंडरही फक्त ऑटोमॅटिक. या दोन्ही गाड्या खडकातून आणि चिखलातून जाण्यासाठीच बनवल्या आहेत. तेव्हा ऑटोमॅटिक ऑफरोडला चालतच नाही, हे म्हणणं आता सोडून द्यायला हवं.

गिअरबॉक्सच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमच्या चढावर खरं काम करणार आहे ते फोर एल, म्हणजे ट्रान्सफर केसमधला (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतला) लो रेंज. थारमध्ये तो टाकला की गाडीचा वेग साधारण अडीच पटीने कमी होतो आणि चाकांवर येणारा जोर तितकाच वाढतो. मारुतीच्या जिमनीत हे प्रमाण साधारण दुपटीचं आहे. ज्या गाडीत लो रेंज आहे ती ऑटोमॅटिक असो की मॅन्युअल, तुमचा चढ चढेल. ज्या गाडीत तो नाही, ती उन्हाळ्यात चढेल आणि जुलैत ओढ्याकाठी उभी राहील. शोरूममध्ये ‘थार’ एवढंच ऐकून बुकिंग करू नका. २०२३ पासून मागच्या चाकांवर चालणारी टू व्हील ड्राइव्ह थारही मिळते. दिसायला ती अगदी तशीच, पण तिच्यात ना पुढची चाकं ओढतात ना लो रेंज आहे. बुकिंगच्या कागदावर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं स्वतः वाचा.

नातेवाइकांच्या एएमटीचंही इथेच उरकतो. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेट. फक्त तुमच्या पायाऐवजी एक मोटर क्लच दाबते आणि गिअर बदलते. उभ्या चढावर हळू जायचं म्हटलं की ती मोटर क्लच अर्धवट धरून ठेवते, प्लेट तापते, आणि गिअर बदलताना गाडीची ओढ क्षणभर तुटते. चिखलात तोच क्षण घात करतो. शहरासाठी एएमटी चांगली आहे, पण या वाटेसाठी विचारातही घेऊ नका. थारमधलं ऑटोमॅटिक वेगळं आहे, ते टॉर्क कन्व्हर्टरचं.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच लावला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरायला लागतात. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक चक्र इंजिनाला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला, आणि मधलं तिसरं चक्र परतणारं तेल योग्य दिशेला वळवून जोर वाढवतं. गाडी उभी असताना किंवा अगदी मुंगीच्या पावलाने चालताना हा जोर इंजिनाच्या जोराच्या पावणेदोन ते दोन पटींपर्यंत जातो. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असल्यामुळे चाकं अडली तरी इंजिन बंद पडत नाही. ऑटोमॅटिकचे सगळे फायदे आणि सगळे तोटे या तेलातून येतात.

आता तुमचा चढ घेऊ. ओढ्यातून गाडी बाहेर आली, टायर ओले, समोर तांबडा चिखल, आणि चढाच्या मध्यावर पावसाच्या पाण्याने वाट कापून आडवा ओघळ पाडलाय. मॅन्युअल गाडीत फोर एल आणि पहिला गिअर टाकून क्लचवरून पाय काढला, तर डिझेल इंजिन स्वतःच्या दमावर गाडी वर ओढतं. इथपर्यंत मॅन्युअल उत्तम. पुढचं चाक ओघळात उतरलं की गाडी थबकते, इंजिन घरघरायला लागतं, आणि नवख्या माणसाचा डावा पाय आपोआप क्लचवर जातो. क्लच दाबला की चाकांची ओढ गेली. गाडी थांबते, आणि निसरड्यावर मागे सरकायला लागते. मग हँडब्रेक, हाफ क्लच, जोरात रेस. चाकं जागच्या जागी फिरतात, दोन खड्डे पडतात, आणि गाडीत तो जळका, कडवट वास येतो. क्लचप्लेट जळण्याचा हा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. मुरलेला चालक हे होऊ देत नाही, तो ओघळाच्या आधीच किंचित रेस वाढवून ठेवतो आणि क्लचला हातच लावत नाही. तुमचे बाबा यातले असणार. पण घरातली बाकीची दोन माणसं?

तोच ओघळ ऑटोमॅटिकमध्ये असा पार होतो. फोर एल, गिअर मॅन्युअल मोडमध्ये (गिअर आपण ठरवायचा, गाडीने नाही) पहिल्यावर धरलेला. चाक ओघळाच्या कडेला टेकलं, गाडी थांबली, तरी काही बिघडत नाही. उजव्या पायाने रेस हळूहळू वाढवायची. कन्व्हर्टरमध्ये जोर साठत जातो, गाडीचं नाक थोडं उचललं जातं, चाक कडेवर चढतं. ते वर आलं की रेस लगेच कमी करायची. चाकाला झटका नाही, त्यामुळे ते फिरायला लागण्याची शक्यताही कमी. चिखलात गाडी अडते ती बहुतेक वेळा चाक फिरायला लागल्यामुळे. थारच्या डिझेल इंजिनाचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क मिनिटाला १६०० ते २८०० फेऱ्यांमध्येच पूर्ण मिळतो, म्हणजे इंजिन किंचाळवायची गरजच नाही. जोर मुबलक आहे, तो नाजूकपणे चाकांवर सोडायचा असतो, आणि ते काम टॉर्क कन्व्हर्टर बहुतेक माणसांच्या डाव्या पायापेक्षा चांगलं करतो. तुम्हाला ऑटोमॅटिक घ्या म्हणतोय त्याचं मुख्य कारण हेच.

आता उतार. इथे मॅन्युअल सरस आहे, यात वाद नाही. मॅन्युअल गाडीत फोर एल, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला, की इंजिन आणि चाकं थेट एकमेकांना बांधलेली. गाडी माणसाच्या चालीने उतरते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. ऑटोमॅटिकमध्ये मधलं तेल आड येतं. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवायला बघतात, पण कमी वेगात कन्व्हर्टर ती ओढ इंजिनापर्यंत पूर्ण पोचू देत नाही. त्यामुळे तेवढ्याच उतारावर ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअलपेक्षा जास्त वेग घेते. मित्रांनी हेच पाहिलं असणार. बहुतेकांच्या बाबतीत त्यातच भर पडते ती गिअर ‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे गाडी स्वतः गिअर बदलते ती जागा) ठेवून उतरण्याची. डीमध्ये वेग वाढला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकू शकतो, मग इंजिनाचा उरलासुरला अडसरही जातो आणि माणूस घाबरून ब्रेकवर उभा राहतो. निसरड्यावर चाकं लॉक व्हायला लागली की स्टीअरिंग फिरवून उपयोग नाही, गाडी उताराला घसरत जाते.

म्हणून उतरायची पद्धत अशी ठरवून टाका. उताराच्या डोक्यावर गाडी पूर्ण थांबवायची, खाली उतरून वाट बघायची, फोर एल टाकायचा, गिअर मॅन्युअल मोडमध्ये एकवर धरायचा आणि गाडी सरळ रेषेत सोडायची. हे सगळं उतार सुरू होण्याआधी, अर्ध्या उतारावर नाही. ब्रेकवर पाय हलका आणि सलग ठेवायचा, दाबायचा-सोडायचा खेळ नको. तुम्ही घेताय त्या व्हेरियंटमध्ये हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) असेल तर तो वापरायला अजिबात कमीपणा मानू नका. तो एबीएसच्या यंत्रणेतून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा लावतो, जे माणसाला एका पेडलने जमत नाही. तो चालू असताना खालून टकटक-घरघर असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण तो बिघाड नाही. बाबांना आधीच सांगून ठेवा. आणि उतारावर ‘एन’, म्हणजे न्यूट्रल, कधीही नाही. डिझेल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करायची सवय अजून कित्येकांना आहे. ती घाटातही जिवावर बेतते, मग कच्च्या वाटेवर काय बोलायचं.

चढ अर्ध्यातच सुटला, गाडी पुढे जाईना, तर दोन्ही प्रकारांत नियम एकच आहे. गाडी वळवायची नाही. चढावर आडवी झालेली गाडी उलटते. सरळ मागे यायचं, इंजिन चालू आणि गिअर रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिकमध्ये हे फार सोपं आहे: ब्रेक घट्ट, गाडी थांबली, ‘आर’, ब्रेक हळू सोडा. मॅन्युअलमध्ये क्लच दाबावाच लागतो आणि त्या दोन सेकंदांत गाडी फक्त ब्रेकवर असते. तुमच्या पत्नीला ही गोष्ट गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, कोरड्या चढावर, चार वेळा करायला लावा. तुम्हीही करा.

ट्रान्सफर केसबद्दल एक गोष्ट सांगतो, ती शोरूममध्ये सहसा सांगितली जात नाही. थारमध्ये ट्रान्सफर केसचा वेगळा छोटा लिव्हर असतो, आणि त्याला फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि फोर एलच्या मध्ये न्यूट्रल असतो. लिव्हर तिथे अडकून राहिला, तर मुख्य गिअर ‘पी’मध्ये (पार्किंग) असला तरी चाकं मोकळीच असतात. पी फक्त गिअरबॉक्स अडवतो आणि पुढे चाकांशी जोडणी तुटलेली असते. गाडी घरंगळते. म्हणून रेंज बदलताना गाडी थांबलेली, ब्रेकवर पाय, मुख्य गिअर एनमध्ये, आणि गाडीतून उतरायचं असेल तर हँडब्रेक ओढल्याशिवाय दार उघडायचं नाही. मॅन्युअल गाडीतही हेच: पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरलात आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल, तर गिअरचा काही उपयोग नाही. घरातली लहान मुलं ओढ्यावर खेळत असतील तर हे वाक्य घरातल्या प्रत्येक चालकाला वाचून दाखवा.

ओढ्याचं फार लांबवत नाही. कंपनीने थारसाठी सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त. ती साचलेल्या पाण्याची समजा. वाहत्या पाण्याला हा आकडा लावू नका. गुडघाभर वेगाचं पाणीसुद्धा गाडी बाजूला ढकलतं. ज्या पाण्यातून काठी टेकत चालत जाता येत नाही, त्यातून गाडी घालायची नाही. तुमच्या खोऱ्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की ओढा तासाभरात रूप बदलतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. गिअरबॉक्सपुरतं बोलायचं तर पाण्यात ऑटोमॅटिक सोयीची, कारण एकसारख्या वेगाने जाता येतं. मॅन्युअलमध्ये पाण्यात असताना गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, ही पथ्यं पाळावी लागतात. गाडी पाण्यात बंद पडली आणि इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नका, तसंच ओढून बाहेर काढा. आणि पावसाळा संपल्यावर पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेट्यांचं) आणि गिअरबॉक्सचं तेल तपासून घ्या. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बदलावं लागेल.

ऑटोमॅटिकचा खरा शत्रू उष्णता. कन्व्हर्टरमधलं तेल घुसळलं गेलं की तापतं. फोर एच किंवा टू एचमध्ये (फक्त मागची चाकं) उभा चढ रेटायचा प्रयत्न केला, रुतलेली गाडी डी-आर, डी-आर करत पाच-दहा मिनिटं हुसकावत बसलात, की ते फार तापतं. फोर एलमध्ये तोच चढ चढताना इंजिन मोकळं फिरतं, घुसळण कमी होते, तेल थंड राहतं. म्हणून लो रेंज टाकायला उशीर करू नका. ओढा दिसला की टाका. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा इशारा आला तर गाडी सपाटीवर थांबवा, पी किंवा एनमध्ये इंजिन चालूच ठेवा. इंजिन फिरतं तोवर तेलाचा पंप चालतो आणि तेल कूलरमधून फिरून थंड होतं. लगेच चावी फिरवून बंद केलीत तर ते तिथेच तापलेलं राहतं. रुतलेली गाडी मागेपुढे झुलवायची असेल, तर प्रत्येक वेळी चाकं पूर्ण थांबल्यावरच डीचा आर करा. त्यापेक्षा फावडं उचला. दहा मिनिटं चाकापुढची माती काढणं हे गिअरबॉक्सवर जोर काढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मॅन्युअल कुणी घ्यावी? जो माणूस एकटाच, दूर, दोन-दोन दिवस वस्ती नसलेल्या भागात जातो त्याने. बॅटरी बसली तर मॅन्युअल गाडी उतारावर ढकलून चालू होते, ऑटोमॅटिक होत नाही. क्लचप्लेट भोरच्या गॅरेजमध्येही बदलून मिळेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर पुणं गाठावं लागेल. गाडी विकत घेतानाही ऑटोमॅटिकसाठी साधारण लाख-दीड लाख जास्त मोजावे लागतात. शिवाय ज्याला चालवण्याचं कसबच हवंय, क्लच-गिअरचा मेळ साधण्यात ज्याला आनंद आहे, त्याने मॅन्युअलच घ्यावी, आणि तो आनंद खरा आहे. पुण्याच्याच फोर्स कंपनीची गुरखा ही गाडी फक्त मॅन्युअल येते, पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक असलेली, म्हणजे एक चाक नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतोच. त्या प्रकारच्या माणसासाठी ती फार जोरदार गाडी आहे. तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला डोंगर जिंकायचा नाही, शनिवारी भाजीची पिशवी, खताची पोती आणि घरची माणसं घेऊन घरी पोचायचंय, आणि सोमवारी सकाळी हिंजवडीच्या रांगेत उभं राहायचंय. आठवड्याचे पाच दिवस शहरात जाणारी गाडी क्लचची घेतलीत, तर प्लेट चिखलात जाण्याआधी ट्रॅफिकमध्येच झिजायला लागेल. बॅटरीची काळजी वाटत असेल तर एक पोर्टेबल जंप स्टार्टर गाडीत ठेवा आणि महिन्यातून एकदा तो चार्ज करा.

बाबांचं मन वळवायचं असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना टेस्ट ड्राइव्हला न्या आणि स्टीअरिंग त्यांच्याच हातात द्या. शोरूमवाले डांबरी रस्त्यावर एक फेरी मारून आणतात, त्यावर समाधान मानू नका. जवळपास खडीचा किंवा मुरमाचा चढ शोधून ठेवा, आधीच सांगून तिथे गाडी न्या, फोर एल टाकायला सांगा. (कोरड्या डांबरावर फोर एच किंवा फोर एल टाकून वळायचं नाही, पुढच्या-मागच्या चाकांत ताण येतो.) चढाच्या मध्यावर बाबांना गाडी थांबवायला सांगा आणि पुन्हा निघायला सांगा. ज्याने आयुष्यभर चढावर हँडब्रेक आणि हाफ क्लचचा मेळ घातलाय, त्याला ऑटोमॅटिकने काय काम वाचवलं ते लगेच कळतं, गुडघ्याला तर आणखीच लवकर. नंतर तोच चढ उतरायला लावा, आधी डीमध्ये, मग पहिला गिअर धरून. फरक त्यांचा त्यांना समजेल, आणि घरात उतरण्याची शिस्त लावायचं काम तेच तुमच्यापेक्षा चांगलं करतील.

त्यांची एक सवय मात्र मोडावी लागेल. जीपवर घडलेल्या माणसाचा डावा पाय घाईच्या वेळी क्लच शोधतो, आणि ऑटोमॅटिकमध्ये तिथे ब्रेकचं रुंद पेडल असतं. गाडी एकदम करकचून थांबते. पहिले काही दिवस डावा पाय मागे, सीटखाली दुमडून ठेवायला सांगा, आणि ही सवय मोकळ्या मैदानावर करवून घ्या. डाव्या पायाने हलका ब्रेक धरून उजव्याने रेस देण्याचं एक तंत्र ऑफरोडवाले वापरतात, चाक फिरायला लागलं की त्याला दाबात ठेवण्यासाठी. ते तुम्ही पुढे शिका, पण सगळ्याच गाड्यांची यंत्रणा दोन्ही पेडल एकदम दाबू देत नाही, काही गाड्या रेसच कापतात. महिंद्राची इगतपुरीजवळ ऑफरोड प्रशिक्षणाची अकादमी आहे. तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे तुम्ही आणि तुमच्या पत्नीने एक दिवस काढा. ऑटोमॅटिकसाठी जास्त मोजलेल्या पैशांइतकंच हे शिक्षण गरजेचं आहे. शक्यतो पावसाळ्यातलाच दिवस घ्या.

आता टायर. गाडीबरोबर ऑल टेरेन टायर (डांबर आणि कच्ची वाट दोन्हीसाठीचे) आले तर तेच ठेवा, तुमच्या वाटेला पुरेसे आहेत. मित्र मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर, घ्यायला सांगतील. खोल चिखलात ते नक्कीच भारी, पण तुमचा बहुतेक प्रवास कापूरहोळ फाट्यापर्यंतच्या हायवेवर आणि शहरात होणार. ओल्या डांबरावर मड टायरची पकड कमी, ब्रेक लागायला अंतर जास्त, आणि आवाज कानाला नकोसा. तुमच्या तीन किलोमीटरसाठी टायर बदलण्यापेक्षा हवा कमी करणं जास्त उपयोगाचं. डांबर संपतं तिथे चारही टायर १८ ते २० पीएसआयवर आणा, टायर जमिनीवर पसरतो आणि पकड लक्षात येण्याइतकी वाढते. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून निसटू शकतो. हवा कमी असताना वेगही तिशीच्या आत ठेवा. त्यासाठी एक प्रेशर गेज आणि १२ व्होल्टवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर घ्या, सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा नको, बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. परतताना डांबरावर चढण्याआधी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. कमी हवेवर हायवेला ऐंशीने गेलात तर टायर तापून फुटतो.